अंगठ्याखालचा खड्डा

"घरोघरी जाणाऱ्या सिस्टरांना टेलिमेडिसिन नको असतं. त्यांना मशीनची भीती वाटते आणि आपलं काम जाईल अशी धास्ती असते." गेल्या हिवाळ्यात एका कार्यशाळेत हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. बोलणारे हृदयरोगतज्ज्ञ होते. अभ्यासू माणूस, आणि रुग्णाचं भलं व्हावं हीच त्यांची तळमळ, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यांचं नाव मी घेत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. हेच मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, मशीन विकायला येणाऱ्यांकडून ऐकलंय, आमच्यातल्याच काही शिकलेल्या मुलींकडूनही ऐकलंय. त्या दिवशी सभागृहात आम्ही सात-आठ जणी शेवटच्या रांगेत बसलो होतो. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही उठून बोललो नाही. ते न बोलणं मला तेव्हापासून टोचतंय.

माझ्यापुरतं कामाच्या धास्तीचं थोडक्यात सांगते. मी एएनएम म्हणून नोकरी पुरी केली, पेन्शन घेते. आता तुळजापूर आणि आसपासच्या गावांत दवाखान्यातून घरी आलेल्या माणसांकडे जाते. कुणी पैसे देतं, कुणी शेंगा देतं. माझं जायला काही उरलेलं नाही. पुण्यात ब्युरोकडून बारा-बारा तासांच्या सिस्टर मिळतात, तसा धंदा आमच्याकडे नाहीच. इथं घरी जाणारी म्हणजे उपकेंद्राची सिस्टर, आशाताई, नाहीतर माझ्यासारखी निवृत्त बाई.

आता डॉक्टरसाहेबांचा मुद्दा त्यांच्याच बाजूनं मांडते, कारण त्यात बरंच खरं आहे. तुळजापूरपासून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर. टूडी इको करायची, हृदयाचा डॉक्टर गाठायचा, तर आमचा माणूस तिकडंच जातो. सलगऱ्याकडच्या वस्तीवरून जायचं म्हटलं की सोबत एक जण लागतो, दोघांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं, आणि डॉक्टरसमोर मिळतात पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी सुजल्या पायांनी दिवसभर बाकड्यावर बसायचं. हे वाचणार असेल तर कोण नाही म्हणेल? केंद्र सरकारची ई-संजीवनी २०१९ साली सुरू झाली, २०२०च्या एप्रिलपासून घरातूनही डॉक्टरशी बोलायची सोय झाली. २५ मार्च २०२०ला टेलिमेडिसिनचे नियम आले, आणि त्यात आरोग्य कर्मचाऱ्यानं रुग्णाजवळ बसून डॉक्टरशी बोलणं हा एक वेगळा, मान्य प्रकार म्हणून लिहिला गेला. त्यात नर्स आहे, एएनएमसुद्धा आहे. नियम करणाऱ्यांना आम्ही दिसलो होतो, हे मला मुद्दाम नोंदवायचंय.

आणि आजार केवढा मोठा आहे तेही सांगायला हवं. आमच्याकडे कुणी 'हार्ट फेल्युअर' म्हणत नाही. 'पंपिंग कमी झालंय' म्हणतात. 'आईचं पंपिंग पंचवीसवर आलंय' असं पोरगं बाजारभाव सांगावा तसं सांगतं, आणि 'हार्ट फेल' म्हटलं की घरात रडारड होते, कारण त्यांना वाटतं सगळं संपलं. देशभरातल्या ५३ रुग्णालयांनी २०१९-२० मध्ये अशा १०,८५१ रुग्णांची नोंद ठेवली. त्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास निघालं. युरोप-अमेरिकेत हा आजार बहुतेक सत्तरीनंतरचा. दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत शंभरातले चौदा दगावले. आणि पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना शिफारस केलेली सगळी औषधं चालू होती. म्हणजे तज्ज्ञाचा हात या माणसांपर्यंत पोचायलाच हवा, मग तो मोबाइलमधून का पोचेना. इथपर्यंत डॉक्टरसाहेब आणि मी एकाच बाजूला आहोत.

वाट फुटते ती इथून पुढे. त्यांनी पडद्यावर जर्मनीतल्या एका अभ्यासाचे आकडे दाखवले आणि निष्कर्ष काढला की घरी वजनकाटा, बीपीचं मशीन आणि ॲप दिलं की झालं, घरी जायची गरज उरत नाही. आकडे खरे आहेत. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला तो अभ्यास १,५७१ रुग्णांचा आहे, आणि दूरवरून लक्ष ठेवलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी निघालं. घरी येऊन मी पुतणीला तो निबंध काढायला लावला आणि दोघींनी मिळून दोन रात्री तो वाचला. त्यात काय सापडलं? बर्लिनच्या केंद्रात चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस डॉक्टर आणि प्रशिक्षित नर्स बसलेल्या होत्या. आकडा आला की त्याच दिवशी तो माणूस बघत होता. दर महिन्याला रुग्णाला फोन जात होता. आणि ज्यांना नैराश्य जास्त आहे अशांना त्या अभ्यासात घेतलेलंच नव्हतं. माझ्या वहीतल्या रुग्णांपैकी किती बायका नवरा गेल्यावर कोपऱ्यात बसून आहेत, ते मी मोजलेलं नाही, पण त्या अभ्यासात त्यांतल्या बऱ्याच जणी बसल्या नसत्या. तेव्हा जर्मनीनं यश मिळवलं ते माणसं बसवून, रात्रपाळी लावून. यातली माणसं वगळायची, मशीन तेवढं आणायचं आणि आकडे मात्र तेच सांगायचे, हा त्या अभ्यासावरही अन्याय आहे.

माणूस वगळला की काय होतं, तेही जगानं करून पाहिलंय. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१० साली त्याचा निकाल छापून आला. रुग्णानं रोज फोन करायचा, पलीकडून यंत्राचा आवाज प्रश्न विचारणार, बटण दाबून उत्तर द्यायचं. सहा महिन्यांत पुन्हा दाखल झालेले किंवा दगावलेले मोजले, तर यंत्र असलेल्यांत बावन्न टक्के आणि नसलेल्यांत एक्कावन्न. काही फरक नाही. शंभरातल्या चौदांनी तर एकदाही फोन केला नव्हता. याउलट अर्जेंटिनातला, २००५ साली छापून आलेला अभ्यास. तिथं ॲप नाही, कॅमेरा नाही, साधा टेलिफोन. पण फोनवर बोलणारी नर्स होती, तिला रुग्ण नावानिशी ठाऊक होता, आणि गरज पडली तर लघवीच्या गोळीचा डोस बदलायची तिला मुभा होती. १,५१८ रुग्णांच्या त्या अभ्यासात हृदयाच्या कारणानं दाखल होण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं. मृत्यू घटले नाहीत, हेही सांगते. सोयीचं तेवढं सांगायचं आणि बाकीचं झाकायचं, हे मला करायचं नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा आणि सांगा, फरक फोनमुळे पडला की फोनवरच्या बाईमुळे?

आता आकडे बाजूला ठेवते आणि तुम्हाला एका घरात नेते.

नळदुर्गच्या अलीकडच्या एका गावात एक काकू आहेत. वय अठ्ठावन्न, पंपिंग पंचवीस. त्यांच्या मुलानं पुण्याहून व्हिडिओवर डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि नेमकी त्याच वेळी मी तिथं पोचले. मोबाइल सुनेच्या हातात. डॉक्टर सोलापूरचे, बोलायला मायाळू. त्यांनी विचारलं, "चालताना दम लागतो का?" काकू म्हणाल्या, "न्हाई जी." खरंच लागत नव्हता, कारण काकू चालतच नव्हत्या. पंधरा दिवसांपूर्वी सुनेनं त्यांची खाट ओसरीवरून उचलून मोरीच्या शेजारी आणली होती. "झोपताना उशा किती घेता?" "एकच." तेही खरं. पण खाट भिंतीला लावून मध्ये ज्वारीचं पोतं उभं केलं होतं आणि काकू रात्रभर त्या पोत्याला टेकून बसत होत्या. "पायाला सूज?" "न्हाई. म्हातारपणाचा जडपणा हाय."

मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. पायाच्या बोटांत जोडवी रुतली होती, भोवतीची कातडी वर फुगून आली होती. नडगीवर अंगठा ठेवला, दाबला, मनात पाचपर्यंत आकडे मोजले आणि अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला. सुनेला म्हटलं, "कॅमेरा इकडं धर गं." तो खड्डा, ते पोतं, मोरीजवळची ती खाट मी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. गोळी वाढवून दिली, रक्तात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायला सांगितलं, मला रोजचं वजन कळवायला सांगितलं. चौथ्या दिवशी काकूंचं वजन तीन किलोंनी उतरलं होतं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं जोडवी फिरवून दाखवली.

त्या दिवशी टेलिमेडिसिन हरलं असं मी म्हणणार नाही. टेलिमेडिसिन नसतं तर तो डोस त्याच दिवशी वाढला नसता, मला तो स्वतःहून वाढवता आला नसता. पण मी तिथं पोचले नसते तर तीन प्रश्नांची तीन प्रामाणिक उत्तरं ऐकून डॉक्टरांनी 'छान चाललंय' म्हणून फोन ठेवला असता. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. डॉक्टर चुकले नव्हते. सूज कॅमेऱ्यात आपली आपण येत नाही, कुणीतरी अंगठा दाबावा लागतो.

याला उत्तर म्हणून मला सांगतात की वजनकाटा खोटं बोलत नाही. बोलतो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर काटा ठेवला की दोन वेळच्या वजनात दीड-दोन किलोंचा फरक सहज येतो, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले की धोका, हाच तर आपला नियम. म्हणून मी प्रत्येक घरात शहाबादी फरशीचा एक तुकडा शोधून ठेवायला लावते, आणि काटा रोज त्यावरच. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच साडीत. हे ॲपमध्ये लिहिलेलं असतं, पण ॲप फरशी शोधून देत नाही. बोटाला लावायच्या मशीनचंही तेच. मेंदीनं रंगलेल्या नखावर, थंडीनं गारठलेल्या बोटावर ते भलताच आकडा दाखवतं आणि अख्खं घर घाबरून जातं. बीपीच्या मशीनचा पट्टा वाळलेल्या दंडाला सैल बसतो. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांचं बीपी तर यंत्राला नीट सापडतच नाही. मी अजून कानाला स्टेथोस्कोप लावून घेते. मशीनची भीती वाटते म्हणून हे सांगत नाही. मशीन रोज हाताळते म्हणून ते कुठं फसतं ते मला ठाऊक आहे.

आणि मशीनला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी तर फार लांब आहे. लघवीची गोळी बाया का घेत नाहीत, हे एकदा विचारून बघा. शेतावर आडोसा नाही, आठवडी बाजारात सोय नाही, एसटीत तीन तास बसायचं, म्हणून त्या दिवशीची गोळी तशीच डबीत राहते. सासऱ्यांसमोर, मुलासमोर व्हिडिओवर हे कोणती बाई बोलेल? ती माझ्याशी बोलते, तीही चुलीजवळ, मी भाकरी थापायला हात लावल्यावर. गुडघे दुखतात म्हणून गावातल्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेतलेलं असतं. ते दुखणं थांबवणारं औषध अंगात पाणी धरून ठेवतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. थकवा आला की सलाईन लावून घ्यायचं, ही तर आमच्याकडची रीतच. नॉर्मल सलाईनच्या पाचशे मिलीच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. आम्ही महिनाभर लोणचं, पापड, ठेचा बंद करायला लावावं आणि कुणीतरी अर्ध्या तासात ते सगळं मीठ थेट शिरेत सोडावं! हाताच्या पाठीवरची सुईची चिकटपट्टी बघून मला ते कळतं. ॲपमध्ये त्यासाठी रकाना नाही.

तुळजापूरचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे, तो बाहेरच्या कुणाला सुचणारच नाही. नवरात्रात नऊ दिवस उपवास, अनवाणी चालणं, आणि कोजागरीला सोलापूरकडून पायी येणारी गर्दी. आईच्या दर्शनाला जाऊ नका असं मी कधीच सांगितलं नाही, सांगणारही नाही. मीही तिचीच लेक आहे. पण उपवासात पाणी कमी, खाणं कमी आणि गोळ्या पूर्ण, असं झालं की बीपी एकदम खाली जातं, चक्कर येते. नाहीतर उलट होतं: उपवासाला चालतं म्हणून सैंधव घातलेली साबुदाण्याची खिचडी दोन वेळा. सैंधव हेही मीठच, हे पटवायला मला दर वर्षी नव्यानं बसावं लागतं. म्हणून घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मी माझ्या प्रत्येक रुग्णाच्या घरी जाते आणि नऊ दिवसांत कोणती गोळी कधी, किती, हे डॉक्टरांना फोन लावून विचारून घेते. हेसुद्धा टेलिमेडिसिनच आहे, आणि ते मी स्वतः मागून करते.

मग आमची तक्रार नेमकी काय? ती मी सरळ सांगते. आकडा पाठवल्यावर पलीकडून उत्तर येत नाही, ही आमची तक्रार आहे. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आजोबांचं वजन शुक्रवारी एक किलोनं वाढलं, शनिवारी आणखी सव्वा किलोनं. त्यांच्या नातवानं मला विचारून दोन्ही दिवस आकडे ॲपमध्ये भरले. दोन्ही दिवस हिरवी खूण आली: माहिती मिळाली. घरच्यांना वाटलं, डॉक्टरांनी बघितलं, काळजीचं असतं तर फोन आला असता. मलाही तसंच वाटलं, ही माझी चूक. शनिवार-रविवारी तिकडं कुणीही बसलेलं नव्हतं. रविवारी रात्री आजोबांना श्वास घेता येईना, तोंडातून फेस यायला लागला, तेव्हा एकशे आठची गाडी बोलावून सोलापूर गाठलं. आठ दिवस आयसीयू, आणि दावणीच्या दोन्ही म्हशी गेल्या. आजोबा वाचले. पण ॲप नसतं तर शनिवारीच मी त्यांना तुळजापूरला नेलं असतं. त्या हिरव्या खुणेनं आम्हा सगळ्यांना झोपवलं.

आणि हे सांगितलं की लगेच शिक्का बसतो: सिस्टरांना नवं काही नको असतं.

आमच्या मातीत हा वाद नवा नाही. १९७० साली जामखेडला काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या अशिक्षित बायकांच्या हाती आरोग्याचं काम दिलं, तेव्हाही विचारलं गेलं की यांना काय जमणार. आमच्याच तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं साध्या घरच्या बायकांमधून 'भारतवैद्य' उभ्या केल्या. बीपी घेणं, गोळ्या देणं, केव्हा पाठवायचं ते ओळखणं, हे सगळं त्यांनी शिकून दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. गावातली शिकवून तयार केलेली बाई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर लिहून दिलेल्या नियमाप्रमाणे जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायची. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २६च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट'नं ते छापलं, आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या हाती जी घरभेटींची पद्धत आली तिचं मूळ तिथं आहे. बाळ जन्मलं की तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा भेटी ठरलेल्या असतात.

मी त्या भेटींच्या वह्या वर्षानुवर्षं तपासल्या. आणि प्रत्येक वेळी मनात यायचं की सोलापूरहून डिस्चार्ज होऊन आलेल्या माणसासाठी अशी वही का नाही? पहिले नव्वद दिवस त्याच्यासाठीही तितकेच नाजूक असतात. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी कुणीतरी त्याच्या नडगीवर अंगठा ठेवावा, एवढंच तर हवंय. गडचिरोलीच्या बाईला नियम लिहून दिल्यावर इंजेक्शन देता आलं, मग तीन वर्षं शिकलेल्या नर्सला डॉक्टरांनी आधी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे लघवीची एक गोळी वाढवता का येऊ नये? दोन किलो वाढले तर अमुक, चक्कर आली तर तमुक, आणि यातलं काहीही झालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अर्जेंटिनातल्या नर्सला हे चाललं.

डॉक्टरसाहेबांचा शेवटचा मुद्दा खर्चाचा होता. घरी माणूस पाठवणं परवडत नाही, ॲप स्वस्त पडतं, असं ते म्हणाले. इंग्लंडनं हाही हिशेब घालून पाहिलाय. मधुमेहाचे, फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे आणि हृदयाचे मिळून ३,२३० रुग्ण, घरोघरी यंत्रं. वर्षभरात मृत्यूचं प्रमाण घटलं म्हणून सुरुवातीला मोठा गाजावाजा झाला. नंतर खर्च मांडला तेव्हा लक्षात आलं की मिळालेल्या फायद्याच्या मानानं तो तिथल्या सरकारला परवडणाऱ्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो. यंत्र फुकट नसतं. ते बिघडतं, बॅटरी संपते, रिचार्ज संपतो, आणि पलीकडे माणूस बसवायचा तर पगार लागतोच. मग तो पगार अलीकडच्या माणसाला का देऊ नये? आशाताईंना मोबदल्यासाठी २०२३ आणि २०२४ मध्ये संप करावा लागला, हे महाराष्ट्रानं पाहिलंय. ज्या बाईच्या मोबाइलमध्ये रिचार्ज तिच्या स्वतःच्या पैशाचा असतो, तिच्याकडून दिवसाला दहा घरांचे आकडे भरून घ्यायचे आणि वर तिला तंत्रज्ञान नको म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

नव्या सिस्टर मुली मला विचारतात, "मॅडम, आपण व्हिडिओवाल्या सेवेला नाही म्हणायचं का?" मी म्हणते, मुळीच नाही. हो म्हणा, पण चार गोष्टी विचारून घ्या. पलीकडे कोण आहे आणि रविवारी रात्री तो आहे का. दर वेळी तोच डॉक्टर मिळणार का, कारण पंपिंगच्या रुग्णाची गोष्ट दर आठवड्याला पहिल्यापासून सांगता येत नाही. मी काय बदलू शकते ते लिहून देणार का. आणि घरी जायचं भाडं कोण देणार. या चारींची उत्तरं ज्या सेवेकडे आहेत, तिच्यासाठी मी स्वतः डोंगरातल्या वस्त्यांवर पायी जाईन. रेंज येत नाही तिथं टेकाडावर उभी राहून फोन लावीन, लावलाय.

डॉक्टरसाहेब, हे तुमच्या वाचनात आलं तर माझी एक विनंती आहे. पुढची कार्यशाळा तुळजापुरात घ्या, आणि पहिलं भाषण उपकेंद्रावरच्या सिस्टरला करू द्या. त्या दिवशी मी त्या काकूंच्या घरी तुम्हाला घेऊन जाईन. पोतं आता तिथं नाही, खाट पुन्हा ओसरीवर आलीय. फरशीचा तुकडा मात्र अजून दाराशी आहे, आणि त्याच्या वर भिंतीवर कोळशानं लिहिलेली रोजची वजनं.